एकशेसत्तर टनांचा दिवस

यागप्पन अण्णा रोज सकाळी साडेसहाला माझ्या टपरीवर येतो, बाकाच्या डाव्या टोकाला बसतो आणि ताडगुळाची कॉफी मागतो. तीस वर्षं झाली, यात खंड नाही. मधल्या काळात धक्का गेला, टोळी पांगली, त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला, पण याचं येणं चुकलं नाही. एखाद्या दिवशी चुकावं असं मला फार वाटतं. त्यानं समोरच्या टपरीवर जावं, तिथली पाणचट कॉफी प्यावी आणि जाताना माझ्याकडे बघून थुंकावं. पण हा माणूस येतो, "लूर्दु, कॉफी," म्हणतो आणि समुद्राकडे बघत बसतो.

मणलपट्टणमच्या जुन्या धक्क्याच्या फाटकाला लागून माझी टपरी. नवरा गेल्यावर मी ती चालवायला घेतली. तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पुट्टू मी बरा करते, पण गिऱ्हाईक पुट्ट्यासाठी येत नसे, माझं बोलणं ऐकायला येत असे. हमाल, तांडेल, ट्रकवाले, सगळ्यांची मी फिरकी घ्यायची आणि त्यांना ती आवडायची. आता फारसं कोणी येत नाही आणि मीही फारशी बोलत नाही.

तेव्हा धक्क्याला तोणी लागायच्या. तोणी म्हणजे आमचं लाकडी गलबत, अडीचशे टन पोटात घेणारं. कांदे, सिमेंट, विटा भरायच्या आणि मालदीवला जायचं. जूनपासून ऑगस्टपर्यंत वारं पिसाळलेलं असतं, तेव्हा बंद, एरवी चालू. माल चढायचा तो माणसाच्या डोक्यावरून. ट्रक धक्क्यावर उभा, तोणी पाण्यात, मध्ये एक फळी. चोवीस जणांची टोळी त्या एका फळीवरून गोण्या घेऊन जायची आणि रिकाम्या डोक्यानं परत यायची. फळी पायाखाली दबते आणि उसळते. तिच्या उसळीबरोबर पाऊल पडलं तर गोणी निम्मी हलकी होते, आणि चुकलं तर माणूस गोणीसकट खाली. म्हणून फळीच्या पायथ्याशी मुकादम उभा राहून हाळी देतो. त्याच्या आवाजावर चोवीस जणांची पावलं पडतात.

यागप्पन अण्णा हा तो आवाज. बाप शंख काढायला बुडी मारायचा, त्यात कानाचे पडदे फाटून बहिरा झाला. त्याच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे, म्हणून पोराचा गळा तयार झाला, असं अण्णा स्वतःच सांगायचा. सोळाव्या वर्षी डोक्यावर पहिली गोणी घेतली, छत्तिसाव्या वर्षी मुकादम झाला. त्याच्या हाळीखाली वीस वर्षांत एकही माणूस फळीवरून पडला नाही. हे तो कधी बोलून दाखवत नसे. बोलून दाखवायच्या त्याच्या गोष्टी वेगळ्याच होत्या.

पाहुणा आला की याच्या अंगात यायचं. तसं आमच्यात सगळ्यांच्याच येतं. घरी भात नसला तरी पाहुण्यापुढे मासा पडलाच पाहिजे, नाहीतर नाक कापलं गेलं. पण अण्णाची तऱ्हाच न्यारी. थोरल्या मुलीला बघायला तूत्तुकुडीहून माणसं येणार होती, तेव्हा यानं शेजारच्या काश्पार तांडेलाच्या घरातून फ्रीज उचलून आणला. चार जणांनी गल्लीतून मिरवत आणला. पाहुणे बसलेत, अण्णा ऐटीत सांगतोय, "उन्हाळ्यात थंड पाण्यावाचून आमचं चालत नाही हो," आणि तेवढ्यात काश्पारची म्हातारी दारात. "यागप्पा, माझ्या मांजराचं औषध ठेवलंय त्या फ्रीजात, तेवढं दे." मांजराचं औषध! पाहुणे हसून लोळले. लग्न जमलं, ती गोष्ट वेगळी. पण या माणसाला अद्दल घडायला हवी होती, ती घडली नाही.

मग त्या वर्षी मार्चमध्ये सुधारणा आली.

बंदर कचेरीतून आधी नोटीस आली, मग इळंगो साहेब आले. चाळिशीचा माणूस, चष्मा, घामेजलेला, बोलायला मऊ. त्यांनी टोळीला माझ्या टपरीपुढेच गोळा केलं आणि नीट समजावून सांगितलं. मालदीवचे व्यापारी तक्रार करतात. ट्रक तीन-तीन दिवस उभे असतात, कांदा कुजतो, तोणी भरेपर्यंत भाव पडतो. माल मोठ्या बंदरातून लोखंडी कंटेनरात भरून जायला लागलाय. म्हणून सरकारनं ठरवलंय, प्रत्येक धक्क्यानं एका पाळीत किती माल हलवावा याचा आकडा बांधून द्यायचा. तो आकडा पाळेल त्याचा धक्का त्याच्याकडे. नाही पाळला तर निविदा काढून यंत्रवाल्याला.

"आणि आकडा कसा ठरणार साहेब?" काश्पारनं विचारलं.

"तुमचंच काम बघून. मी एक दिवस येईन, मोजीन. तुम्ही रोज करता तेच करा. वेगळं काही करू नका."

साहेब गेले आणि अण्णा उठून उभा राहिला. मला त्याचा चेहरा बघून फ्रीज आठवला.

"रोज करता तेच करा म्हणे," तो म्हणाला. "साहेब घरी येणार आणि आपण कालची आमटी वाढायची?"

काश्पार म्हणाला, "अरे, ते जेवायला नाही येत, मोजायला येतायत."

"तेच म्हणतोय. मोजू देत. असं मोजू देत की दिल्लीपर्यंत नाव गेलं पाहिजे. या टोळीला हात लावायचा नाही, असं त्यांनीच म्हटलं पाहिजे."

कोणालाच यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही, खोटं कशाला बोलू. हळू चालणारा धक्का बंद होणार असेल, तर जोरात पळून दाखवावं, सरळ हिशेब. शिवाय रोजचं काम दाखवायचं म्हणजे काय दाखवायचं? रोजची पाळी आठला सुरू होते, पण ट्रकला आत यायला वजनकाट्याची चिठ्ठी लागते, चिठ्ठीवर शिक्का लागतो, आणि शिक्क्याचा कारकून दहाला येतो. म्हणजे पहिली गोणी उचलायला साडेदहा. तोवर टोळी माझ्याकडे पुट्टू खात बसते. मग दुपारी ऊन, जेवण, पुन्हा ट्रकची वाट. असं करत करत पाळीला नव्वद टन होतात. हे काय साहेबाला दाखवायचं?

तर त्या दिवसाची तयारी लग्नासारखी झाली. शेजारच्या धक्क्यावरच्या टोळीला त्या दिवशी काम नव्हतं. अण्णानं त्या चोवीस जणांना माझ्या टपरीमागे छपरात बसवून ठेवलं, खांद्यावर आपल्या टोळीसारखेच निळे पंचे उसने देऊन. दर तासाला फळीवरचे आठ जण थकून मागे यायचे, तिकडचे आठ ताजे पुढे जायचे. साहेबाच्या वहीत माणसं चोवीसच. साहेब येणार म्हणून शिक्केही आदल्या संध्याकाळीच पडलेले, ट्रक सकाळी सातला रांगेत. मी दोन पातेली पायसम केलं. फुकट. माझ्या नवऱ्याच्या पुण्यतिथीलाही इतकं केलं नव्हतं.

आणि अण्णानं काय हाळी दिली त्या दिवशी! मी टपरीतून ऐकत होते, हातातलं काम विसरून. एरवी त्याची हाळी सैल असायची, मध्ये कोणाची थट्टा, कोणाच्या बायकोचं नाव. त्या दिवशी नुसता ताल. फळी उसळायची ती थांबतच नव्हती. माणसं पळत नव्हती, पण त्यांच्या पायांना जमीनच लागत नव्हती म्हणा. आठ तासांत चौतीसशे गोण्या. एकशेसत्तर टन.

साहेबांच्या कपाळावर आठ्या. चांगल्या की वाईट, मला तेव्हा कळलं नाही. "मुकादम, रोज असंच होतं?"

"रोज, साहेब," अण्णा छाती काढून म्हणाला. "आमच्या हाडातच आहे ते."

साहेब वही मिटून फाटकाकडे आले. ऊन उतरलं होतं. मी त्यांना पायसमाची वाटी दिली. ते उभ्याउभ्याच खाऊ लागले आणि सहज, गप्पा मारल्यासारखे म्हणाले, "अक्का, तुम्ही इथे रोज बसता. हे लोक रोज असंच काम करतात?"

मी म्हटलं, "कुठलं साहेब! आज जरा मंदच आहेत. उकाडा आहे ना."

छपरातले चोवीस जण तोंडात पंचे कोंबून हसले. साहेबही हसले. पुढे आठ दिवस माझं ते वाक्य धक्क्यावर फिरत होतं. कोणी चहा प्यायला आला की म्हणायचा, "अक्का, आज जरा मंदच आहे हो तुझा चहा." मीही फुशारून गेले होते.

ऑगस्टमध्ये, वारं सुटलेलं असताना, हुकूम आला. मीच वाचून दाखवला, कारण टोळीत वाचणारे कमी. जुना धक्का, हातानं भराई, पाळीमागे एकशेपन्नास टन. दर महिन्याला एक दिवस मोजणी. हंगामात तीनदा कमी भरलं की धक्का निविदेला.

सूसै म्हणून टोळीतला सगळ्यांत जुना हमाल होता, बावन्न वर्षांचा, अण्णाचा लहानपणापासूनचा सोबती. तो म्हणाला, "एकशेपन्नास? माणसं किती धरलीत त्यांनी?"

"चोवीस," मी म्हणाले.

अण्णानं माझ्या हातातून कागद घेतला, त्याला वाचता येत नाही तरी बराच वेळ बघितला आणि घडी करून खिशात ठेवला.

सप्टेंबरच्या मोजणीत अठ्ठ्याऐंशी टन झाले. पहिला ट्रक अकराला आत आला होता. ऑक्टोबरच्या मोजणीला टोळीनं जेवण सोडलं, चहा सोडला, मी पाण्याचा तांब्या घेऊन फळीपाशी उभी राहिले. शहाण्णव. त्याहून वर जाईना. दुसऱ्या टोळीला उसनं आणायची सोय आता नव्हती, त्यांच्या स्वतःच्या धक्क्याची मोजणी त्याच दिवशी ठेवलेली. आमच्याकडचा मोठा पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरचा, त्यामुळे त्या दोन महिन्यांची मोजणी सुटली. नाताळाच्या मिस्सेला अण्णा चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला. एरवी तो पहिल्या बाकावर असतो आणि पाद्र्यापेक्षा मोठ्यानं प्रार्थना म्हणतो.

नाताळानंतर तो माझ्याकडे आला. "लूर्दु, माझ्याबरोबर कचेरीत चल. मला जे सांगायचंय ते एकट्याला सांगवणार नाही."

"काय सांगणार आहेस?"

"खरं."

या माणसानं आयुष्यात कोणापुढे कमीपणा घेतला नव्हता. त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून, साहेबांच्या टेबलापुढे उभा राहून, त्यानं सगळं सांगितलं. छपरातली टोळी, उसने पंचे, आदल्या दिवशीचे शिक्के. "साहेब, तो दिवस खोटा होता. आम्ही नव्वदचे आहोत. फार झालं तर पंच्याण्णव. आमच्या हाडात काही नाही." सांगताना त्याचा तो तयार गळा घोगरा झाला होता. मला रडू आलं, मी खिडकीबाहेर बघितलं.

साहेब भले माणूस, मी अजूनही म्हणते. ओरडले नाहीत. म्हणाले, "मुकादम, हे आधी सांगायला हवं होतं. पण मी पुन्हा मोजणी लावतो. न सांगता येईन. तुम्ही फक्त रोजच्यासारखं काम करा."

मी मध्येच बोलले, "आणि साहेब, वजनकाट्याचं काय? ट्रकच अकराला येतो, तर फळीनं काय करावं?"

"वजनकाटा माझ्याकडे येत नाही, अक्का. त्याचा वेगळा आकडा बांधलाय."

"तो पाळतो का आपला आकडा?"

"त्याचा आकडा चिठ्ठ्यांचा आहे. तो पाळतो."

जानेवारीत एका मंगळवारी साहेब आले, न सांगता, दुपारी बाराला. बरोबर हातात घड्याळासारखं यंत्र घेतलेला एक शहरी माणूस. धक्क्यावर काम चाललं होतं, बरं चाललं होतं. आणि या दोघांना बघितल्याबरोबर टोळीचे पाय थिजले.

रोजच्यासारखं काम करा, हे सांगायला सोपं आहे. चोवीस माणसं एकदम आठवायला लागली की आपण रोज कसं चालतो. जोरात चालावं तर साहेब म्हणतील, बघा, जमतंय की. हळू चालावं तर म्हणतील मुद्दाम. कोणी मध्येच थबकला, कोणी दोनदा घाम पुसला. चहाची वेळ झाली तर सगळे एकमेकांकडे बघत बसले, प्यावा की पिऊ नये. अण्णा हाळी देत होता आणि मध्येच थट्टा करायची म्हणून करत होता, ती थट्टा इतकी खोटी वाटत होती की कोणी हसलं नाही. फळीसुद्धा बिचकल्यासारखी उसळायला लागली. साहेबांनी उरलेल्या पाळीचं मोजमाप पूर्ण दिवसाचं करून काढलं, ते एकसष्ट टन भरलं.

शहरी माणूस हसला. साहेब मात्र रागावले होते, पहिल्यांदाच.

"मुकादम, पहिल्यांदा तुम्ही मला लग्न दाखवलंत. आता मयत दाखवताय. तुमचं घर कुठलं ते मला कधी दाखवणार?"

"हेच, साहेब... म्हणजे हे नाही..." अण्णा फळीकडे हात करत म्हणाला.

साहेबांनी वहीत लिहिलं. मी जवळच होते, मला दिसलं. कामगारांची क्षमता अधिक, काम जाणूनबुजून मंद. जुना आकडा कायम.

खोटं बोललो ते खरं धरलं गेलं आणि खरं सांगितलं ते खोटं ठरलं. आता कोणाकडे जाऊन काय सांगायचं?

जानेवारीची ती फेरमोजणी तीन चुकांत धरली नाही, एवढंच. राहिली फेब्रुवारीची मोजणी. तिसरी, शेवटची. आदल्या संध्याकाळी टोळी चर्चमध्ये मेणबत्त्या लावून आली. काश्पारनं कुठूनतरी वशिला लावून ट्रकचे शिक्के लवकर मारून घेतले होते, कसे ते मी विचारलं नाही. साडेआठला पहिली गोणी उचलली गेली. छपरात कोणी नव्हतं. जे होते ते चोवीसच, आणि त्यांतले निम्मे पन्नाशीला टेकलेले.

त्या दिवशी अण्णानं पुन्हा ती हाळी दिली, मार्चमधली. तेव्हा ऐकताना अंगावर काटा आला होता. या वेळी मला वाटत होतं, बंद कर, कोणीतरी मरेल. दुपारी दोनला शंभर टन पार झाले. साडेतीनला एकशेपंचवीस. फाटकाबाहेर माणसं जमली, बायका आल्या. सव्वाचारला मोजणीच्या कारकुनानं सांगितलं, एकशेबेचाळीस. आठ टन राहिले, एकशेसाठ गोण्या, आणि हातात पाऊण तास. होणार होतं. मी पदराला गाठ मारली, चर्चमधल्या मातेला नवस बोलले.

सूसै फळीच्या मधोमध होता, डोक्यावर सिमेंट. त्याचा गुडघा वाकला तो सरळच झाला नाही. गोणी पाण्यात गेली, तो फळीवर पालथा पडला, एक हात खाली लोंबत. मागे सात जण गोण्या घेऊन उभे. पुढचं सगळं अण्णाच्या हातात होतं. सूसैला दोघांनी ओढून बाजूला घ्यायचं आणि हाळी चालू ठेवायची, की झालं. काश्पार तोणीवरून ओरडलासुद्धा, "यागप्पा, हाळी सोडू नको! मी बघतो त्याला!"

अण्णाची हाळी थांबली. तो स्वतः फळीवर चढला. सूसैला त्यानं पाठुंगळीला घेतलं आणि एकेक पाऊल टाकत खाली आणलं, माझ्या बाकावर निजवलं आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. "माझ्या हाळीखाली पडला रे," एवढंच म्हणत होता. हाळीवाचून फळी चालत नाही. दुसऱ्यानं प्रयत्न केला, पावलं जुळेनात. पाच वाजले. एकशेसेहेचाळीस.

सूसैचा खुबा मोडला होता. तो वाचला, आता घरात भिंतीला धरून चालतो. त्याला मी कधी विचारलं नाही की तुला त्या चार टनांचं काय वाटतं.

मार्चअखेर साहेब निविदेचा कागद फाटकावर लावायला आले. बरोबर शिपाई होता, तरी खिळा त्यांनी स्वतः ठोकला. मग टपरीवर येऊन बसले. बाकावर अण्णा होताच, डाव्या टोकाला. मी दोघांना कॉफी दिली. साहेबांना काहीतरी बोलायचं होतं, ते कपाकडे बघत होते.

"मुकादम, मला वाईट वाटतं," ते म्हणाले. "मी मूर्ख नाही. त्या पहिल्या दिवशी मला कळलं होतं की तुम्ही देखावा केलाय. सगळेच करतात. म्हणून आमची रीतच आहे, दाखवलेल्या आकड्याचा अर्धा धरायचा. मी वहीत पेन्सिलीनं पंच्याऐंशी लिहून ठेवलं होतं."

पंच्याऐंशी. टोळी झोपेतही पंच्याऐंशी करते.

"मग?" अण्णानं विचारलं.

"मग जाता जाता आणखी एकाला विचारायचं असतं, ज्याचा कामाशी संबंध नाही अशा माणसाला. तेही रीतीतच आहे. मी विचारलं." साहेबांनी मान वर केली नाही. "उत्तर आलं, आज मंदच आहेत. ते मला लिहावं लागलं. तसं लिहिल्यावर अर्धा कसा धरणार? वरच्यांनी वीस टन सोडले, तेच पुष्कळ."

माझ्या हातात दुधाचं पातेलं होतं. ते मी खाली ठेवलं की कसं, मला आठवत नाही. साहेबांना आठवत होतं का, की ते उत्तर कोणी दिलं? चष्म्यामागून त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघवलं नसेल.

अण्णानं मात्र बघितलं. डोळ्याला डोळा दिला. मी वाट बघत होते. या गळ्यानं आता शिवी दिली तर सगळं मणलपट्टणम ऐकेल आणि मी ऐकून घेईन, असं मनात म्हणत होते.

तो साहेबांकडे वळला. "कॉफी थंड होतेय साहेब," तो म्हणाला. "घ्या."

ही गोष्ट त्यानं कोणाला सांगितली नाही. टोळीतले सात जण मिठागरात गेले, बाकीचे कोळंबी सोलायच्या कारखान्यात, काश्पारनं तोणी मोडीत काढली. सगळे अजून अण्णालाच बोल लावतात. त्याच्या तोंडावर म्हणतात, "तुझ्या त्या एकशेसत्तरनं खाल्लं आम्हाला." सूसैची बायको रस्त्यात भेटली तर पलीकडून जाते. तो ऐकून घेतो. माझं नाव त्याच्या तोंडून एकदाही निघालं नाही, आणि मी स्वतः सांगावं म्हणून कितीदा तोंड उघडलं, पण माझी ही जीभ, जी कधी कोणासाठी थांबली नाही, ती तेवढ्यापुरती हलत नाही.

धक्क्यावर आता यंत्रवाल्याची यारी, म्हणजे क्रेन, आहे. पिवळा दांडा फिरतो, माल उचलतो, ठेवतो. ट्रक अजूनही साडेदहालाच आत येतो.

आज सकाळीही तो आला. "लूर्दु, कॉफी," म्हणाला. मी दिली. त्यानं एक घोट घेतला आणि म्हणाला, "छान झालीय."